भावाच्या आजाराची जीन टेस्ट करून लग्न ठरवायचं का?

पत्र (थोडं कमी करून देतेय):

मावशी, मी 28 वर्षांची, इंदूरला राजेंद्रनगरात राहते, एका सीएंच्या ऑफिसात काम करते. धाकटा भाऊ 24 चा. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता तेव्हा त्याला वाटायला लागलं की होस्टेलची मुलं भिंतीपलीकडून त्याच्याबद्दल बोलतात, मग जेवण सोडलं, मोबाइल फोडला, शेवटी डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. ओलांझापिनची गोळी चालू आहे, आता बराच बरा आहे, काकांच्या दुकानात बसतो. माझं लग्न ठरत आलंय, मुलाकडचे देवासचे. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. आत्या म्हणते हा आईच्या माहेरचा दोष आहे. बाबांनी कुठेतरी वाचलं की शास्त्रज्ञांनी मेंदूतल्या जीन्सचा नकाशा तयार केलाय, मानसिक आजार कुठून येतात ते आता समजतं. त्यावर पुण्याच्या चुलतभावाने थुंकीच्या डीएनए टेस्टची लिंक पाठवली. आता बाबांचं म्हणणं, आपण चौघांची टेस्ट करू, माझा रिपोर्ट क्लीन आला की तोच देवासवाल्यांना दाखवू. शिवाय एका क्लिनिकवाल्याने भावाचं 'ब्रेन मॅपिंग' करून घ्या म्हणून मागे लागून ठेवलंय. काय करू? मला पुढे मूल झालं तर त्याला होईल का?
– एक मोठी बहीण

अगं मुली,

आधी सरळ उत्तर देते. थुंकीची टेस्ट करू नका. क्लिनिकवाल्याला नाही म्हणा. देवासवाल्यांना सांगा, पण रिपोर्ट दाखवून नाही, तोंडाने. आणि मुलाचं म्हणशील तर आकडे तुझ्या भीतीपेक्षा खूप बरे आहेत, ते खाली देते. आता बाबांना समजवायचं तर नुसतं "मावशी नाही म्हणाली" चालणार नाही, ते वाचणारे गृहस्थ दिसतायत, म्हणून जरा नीट सांगते. मी आयुष्यभर कॉलेजात बायोलॉजी शिकवली आहे त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घे.

बाबांनी वाचलं ते खोटं नाहीये. नकाशा खरंच आहे, आणि एक नाही, बरेच आहेत. पण तो कशाचा नकाशा आहे ते कळलं की थुंकीच्या टेस्टचा आणि त्याचा किती संबंध आहे ते आपोआप कळेल.

आपल्या शरीरात प्रोटीन बनवणाऱ्या जीन्स साधारण 20 हजार. त्या सगळ्याच्या सगळ्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात, डोक्यातल्या पेशीत तशाच पायाच्या अंगठ्यातल्या पेशीत. मग मेंदू मेंदू का आणि अंगठा अंगठा का, तर कुठल्या पेशीत कुठल्या जीन्स चालू आहेत त्यावरून. तू इंदूरची आहेस तर सराफा घे. दिवसा जा, सोन्याचांदीची दुकानं. रात्री नऊनंतर जा, तीच गल्ली, तीच दुकानं, पण ती शटर खाली आणि त्यांच्याच पुढे भुट्ट्याचा कीस, मालपुवे, दहीवडे. आणि गराडू, म्हणजे तळलेला कंद, फक्त थंडीत, मे महिन्यात कितीही शोध. आता कुणी तुला सराफ्यातल्या सगळ्या दुकानदारांची आणि ठेलेवाल्यांची नावांची यादी आणून दिली तर त्यावरून आत्ता ह्या क्षणी तिथे काय शिजतंय ते कळेल का? थुंकीच्या टेस्टमधून मिळते ती ही यादी. शास्त्रज्ञांनी बनवलाय तो नकाशा आहे कोणतं शटर कुठे, कधी आणि किती उघडं होतं त्याचा. ह्याला जीन एक्सप्रेशन म्हणतात.

आणि तो बनवायला मेंदूचा तुकडाच हातात लागतो. जिवंत माणसाचा कोण देणार? म्हणून तो बहुतेक करून मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंवर बनतो. अमेरिकेत सिएटलला ॲलन इन्स्टिट्यूट आहे, मायक्रोसॉफ्टवाल्या पॉल ॲलनने 2003 मध्ये काढलेली, त्यांचा माणसाच्या मेंदूचा ॲटलस सगळ्यात प्रसिद्ध. मेंदू गोठवायचा, त्याचे जाड काप करायचे, मग पातळ चकत्या, आणि एका मेंदूतून शेकडो ठिकाणचे, पहिल्या दोन मेंदूंत तर 900 च्या आसपास जागांचे बारीक नमुने काढून प्रत्येक नमुन्यात कोणत्या जीन्सचा आरएनए किती आहे ते मोजायचं, कारण जीन चालू असली की तिचा आरएनए बनतो, तोच पुरावा. 2012 मध्ये त्यांचा मोठा पेपर आला. एकूण जीन्सपैकी 80 टक्क्यांहून जास्त मेंदूत कुठे ना कुठे चालू असतात असं निघालं, म्हणजे "मेंदूची जीन" म्हणून वेगळी काढावी असं फारसं काही राहतच नाही.

आता ही गोष्ट बाबांना मुद्दाम सांग. तो अख्खा प्रसिद्ध ॲटलस किती माणसांचा आहे माहितीये? सहा. पाच पुरुष आणि एक बाई. त्यातही पहिल्या दोघांचाच पूर्ण मेंदू तपासला, डाव्या-उजव्या अर्ध्यात खास फरक दिसेना म्हणून पुढच्या चौघांचा फक्त डावा अर्धा. आणि हे सहाही जण मानसिक आजार नसलेले, तसे बघूनच निवडलेले. म्हणजे तो नॉर्मल मेंदूचा नकाशा आहे, आजाराचा नाहीच. त्याचा उपयोग असा की एखादी जीन संशयित निघाली तर ती साधारण कुठे चालू असते ते बघता येतं. काम मोठंच आहे, जगभरातले लोक तो फुकट वापरतात, पण त्यावरून इंदूरच्या एका मुलीचं लग्न ठरवायचं म्हणजे कमाल आहे.

आजारी मेंदूंवरचं काम वेगळं, ते नंतर मोठं झालं. सायकएनकोड नावाचा प्रकल्प आहे, अमेरिकन सरकारच्या पैशाचा, त्यांनी 2018 मध्ये जवळजवळ 2000 मेंदूंची माहिती एकत्र आणली, स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ऑटिझम आणि आजार नसलेले असे सगळे. 2024 मध्ये आणखी बारीक गेले, 388 जणांच्या मेंदूतल्या 28 लाखांहून जास्त पेशी एकेक करून. पेशी म्हणजे खरं तर पेशीचं केंद्रक, कारण गोठवलेल्या तुकड्यात पेशीचं आवरण फुटतं, केंद्रक तेवढं शाबूत मिळतं. आधी काय व्हायचं की तुकडा वाटून सगळ्याची सरासरी यायची, त्यात न्यूरॉन (निरोप पोचवणारी मेंदूची पेशी) कुठला आणि बाकीच्या पेशी कुठल्या काही कळायचं नाही. आता कळतं.

आणि ह्यातून जे दिसलं ते तुमच्या घरासाठी खरंच कामाचं आहे, टेस्टपेक्षा जास्त.

एक तर आत्याबाई. स्किझोफ्रेनियाची एक जीन नाही. 2022 मध्ये 76 हजारांहून जास्त पेशंटांचा डीएनए तपासून जो पेपर आला त्यात डीएनएवरच्या 287 जागा सापडल्या ज्यांचा आजाराशी संबंध लागतो, आणि त्यातल्या एकेकीचा परिणाम इतका चिमूटभर की एकटीला काही अर्थच नाही. आणि त्या जागांवरची आजाराकडे झुकणारी रूपं कुणाकडे असतात? सगळ्यांकडे. माझ्याकडे, तुझ्याकडे, आत्याकडे, देवासवाल्यांकडे. कुणाकडे जरा जास्त जमतात, कुणाकडे जरा कमी, आणि त्या आईकडूनही येतात आणि वडिलांकडूनही. तेव्हा "आईच्या माहेरचा दोष" हे वाक्य आत्याने परत काढलं तर अर्धा हिशोब तिच्या भावाच्या बाजूचा पण निघतो म्हणावं. (हे मी म्हटलं म्हणून सांगू नकोस, तुमच्याकडे लग्नकार्य आहे.)

दुसरं, आईला स्वतःला जे वाटत असेल ते. तू लिहिलं नाहीस पण मी अशा आया पाहिल्यात, आपण त्याला होस्टेलला धाडलं म्हणून झालं, आपण मार्कांसाठी ओरडलो म्हणून झालं, रात्र रात्र हेच. ज्या जीन्सचा संबंध लागतो त्यातल्या बऱ्याचशा मेंदूत सगळ्यात जोरात चालू असतात त्या मूल पोटात असताना. म्हणजे सुरुवात फार मागे असते, तिसऱ्या वर्षाची परीक्षा हे निमित्त असेल फार तर. मग आजार विशीतच का दिसतो? ह्याचा एक धागा 2016 मध्ये सापडला. सी-फोर नावाची जीन आहे, मुळात इम्युनिटीच्या कामातली. मेंदूत न्यूरॉनचे एकमेकांशी जे जोड असतात त्यातले नको ते छाटायचं काम पौगंडावस्थेत जोरात चालतं, सगळ्यांच्याच डोक्यात, आणि सी-फोर ह्या छाटणीत भाग घेते. काही लोकांत तिचं एक रूप जास्त चालू असतं आणि त्यांच्यात आजाराचं प्रमाण जरा जास्त दिसतं. जरा म्हणजे साधारण सव्वापट. ऐकायला केवढी मोठी गोष्ट वाटते ना, "स्किझोफ्रेनियाची जीन सापडली" अशा बातम्याही आल्या होत्या, आणि हिशोब केला तर शंभरात एकाच्या जागी सव्वा.

एक अडचण मात्र ह्या सगळ्या कामाला चिकटलेली आहे. ज्या पेशंटचा मेंदू दान मिळतो त्याने वीस-तीस वर्षं औषधं घेतलेली असतात, बरेच जण सिगरेट पिणारे, शेवटच्या काळात आणखी काही आजार. मग त्या मेंदूत एखादी जीन कमी चालू दिसली तर ते आजाराचं कारण, की आजाराचा परिणाम, की गोळीचा? शास्त्रज्ञ ह्यावर तोडगे काढतात, माकडांना तीच औषधं देऊन नुसत्या औषधाने काय बदलतं ते बघतात, किंवा जन्मापासूनच्या डीएनएतल्या फरकांशी ताडून बघतात कारण डीएनए तर गोळीने बदलत नाही. पण आजसुद्धा एखाद्याच्या मेंदूतलं जीन एक्सप्रेशन बघून "ह्याला होणार, ह्याला नाही" असं कुणी सांगू शकत नाही, आणि तुझ्या मेंदूतलं बघायचं तर तुझा मेंदू काढावा लागेल, तर ते राहू दे.

आणि निदानाचीच नावं किती पक्की आहेत तेही बघ. 2018 मध्ये ऑटिझम, स्किझोफ्रेनिया, बायपोलर, डिप्रेशन आणि दारूचं व्यसन ह्या पाचांचे मेंदू शेजारी ठेवून पाहिले तर पहिल्या तिघांत चालू-बंदचा पॅटर्न बराच सारखा निघाला. म्हणजे आपण फाइलवर जे वेगळे वेगळे आजार लिहितो त्यांच्या भिंती आतून एवढ्या पक्क्या नाहीत. कंपनीचा रिपोर्ट मात्र प्रत्येक आजाराला वेगळा मीटर काढून लाल-पिवळा-हिरवा दाखवतो.

त्या रिपोर्टबद्दल एवढंच की तो ज्या अभ्यासांवर बेतलेला असतो त्यातले बहुतेक पेशंट युरोपियन वंशाचे, आपल्या लोकांवर तेच गणित लावलं की ते आणखी ढिलं पडतं. हिरवा आला तरी हमी नाही, लाल आला तरी निकाल नाही. आणि समज तुझा हिरवा आणि आईचा लाल आला, तर? आत्याच्या हातात कागदच दिलास ना.

एक अपवाद सांगून ठेवते. भावाला जन्मापासून हृदयाचा दोष असेल, टाळू फाटलेली असेल, शिकायला लहानपणापासूनच खूप अवघड गेलं असेल तर 22 नंबरच्या क्रोमोसोमचा एक तुकडा गहाळ असण्याची शक्यता असते, त्या लोकांत साधारण चौघांत एकाला हा आजार होतो आणि ती टेस्ट खरी कामाची आहे. पण असे पेशंट शंभरात एकही धड नसतात, आणि मुलगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत गेला म्हणजे मला तसं वाटत नाही. तरी त्याच्या डॉक्टरांना विचार, आणि करायची झालीच तर त्यांच्या चिठ्ठीवर, जेनेटिक काउन्सेलरला भेटून. लिंकवरून नाही.

क्लिनिकवाल्याचं ब्रेन मॅपिंग म्हणजे डोक्याला टोपी लावून काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, कॉम्प्युटरने रंगवलेली. त्यात जीन्सचा काही संबंध नाही. डॉक्टरांना फिट्सची शंका आली तर साधा ईईजी ते स्वतःच सांगतात. स्किझोफ्रेनियाचं निदान पेशंटशी आणि घरच्यांशी बोलूनच होतं आणि ते तुमचं झालेलं आहे, मग हा माणूस नवीन काय सांगणार आहे?

आता तुझे आकडे. एकूण लोकांत हा आजार शंभरात साधारण एकाला. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर जुन्या कुटुंबांच्या अभ्यासांत शंभरात नऊच्या आसपास, म्हणजे 91 जणांना नाही. शिवाय तो बहुतेक वेळा विशीच्या अलीकडे-पलीकडे सुरू होतो, बायकांत थोडा उशिरा, पण तू 28 ची आहेस, धडधाकट ऑफिसला जातेयस, तुझा धोक्याचा बराच काळ मागे पडला. तुझ्या मुलांचं म्हणशील तर मामाला असेल तर भाचरांत शंभरात तीन-चार. एकाचे तीन-चार झाले हे खरं, ते लपवायचं नाही, पण 96 वेळा काही होत नाही हेही तितकंच खरं. आणि जुळी भावंडं, अगदी एकसारखी, डीएनए शंभर टक्के तोच, त्यांच्यात एकाला असेल तर दुसऱ्याला होतो साधारण 40 ते 50 टक्के वेळा. तोच डीएनए असून निम्म्या वेळा नाही! मग थुंकी काय सांगणार.

हे आकडे घरच्या इतिहासावरून निघतात, त्याला किट लागत नाही. कागद-पेन घ्या, दोन्हीकडच्या तीन पिढ्या लिहून काढा, कुणाला काय होतं, आणि डॉक्टरांना दाखवा.

पत्रात मला एक गोष्ट खटकली, रागावू नकोस. तुम्ही चौघांची टेस्ट म्हणता, ब्रेन मॅपिंग म्हणता, देवासवाल्यांना काय सांगायचं म्हणता, पण अख्ख्या पत्रात भावाला विचारलं असं एकदाही नाही. तो 24 चा आहे, दुकानात बसतो, गल्ला सांभाळत असेल. आजार त्याचा आहे, माहितीही त्याची आहे, 2017 च्या मेंटल हेल्थकेअर कायद्याने त्याला ती गुप्त ठेवायचा हक्क दिलेला आहे. तेव्हा आधी त्याच्याशी बस. "माझ्या सासरी तुझ्याबद्दल सांगायचंय, किती सांगू, कसं सांगू?" असं विचार. मला वाटतं तो तुम्हा सगळ्यांपेक्षा नीट उत्तर देईल, आणि नाही म्हणाला तर का म्हणाला ते ऐकून घे, घाई करू नकोस.

मग आधी मुलाशी बोल, तू स्वतः, मोठ्यांच्या बैठकीत नाही. साखरपुड्याच्या आधी. लपवून लग्न केलंस तर पहिल्या दिवाळीला भाऊ भाऊबीजेला येईल, गोळ्यांनी जरा सुस्त असेल, कुणीतरी विचारेल, आणि मग तू आयुष्यभर सारवासारव करत बसशील. सांगताना गोल गोल नको. भावाला स्किझोफ्रेनिया आहे, इतक्या वर्षांपासून औषध चालू आहे, काम करतो, आमच्याच घरी राहतो, पुढे आई-बाबा थकले की त्याची थोडी जबाबदारी माझ्यावर येणार आहे. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे गं, जीन्सचं काय व्हायचं ते होईल पण हे तर नक्की होणार आहे, आणि मुलगा ह्या वाक्यावर काय करतो ते बघ. नाही म्हणाला तर वाईट वाटेल, पण कळलं तरी. मुलांचा धोका विचारला तर वरचे आकडे सांग, आणि हवं तर दोघं मिळून भावाच्या डॉक्टरांना भेटा, ते तासभर बोलणं दहा रिपोर्टांना भारी.

बाबांना जर मेंदूच्या संशोधनाची खरीच ओढ असेल तर आपल्याकडेही काम चालतं हे सांग. बंगळुरूला निमहान्स ह्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत ब्रेन बँक आहे, लोक मृत्यूनंतर मेंदू दान करतात, आणि तिथेच इतर संस्थांबरोबर एक मोठा अभ्यास आहे ज्यात एकाच घरात एकाहून जास्त जणांना मानसिक आजार आहे अशा कुटुंबांचे रक्ताचे नमुने घेऊन त्यातून प्रयोगशाळेत न्यूरॉन वाढवतात आणि बघतात. आपल्या लोकांचा डेटा गोळा होतोय तो असा. पण हे पुढच्या पिढीच्या औषधांसाठी, तुमच्या तारखेसाठी नाही.

किटचे वाचलेले पैसे कुठे घालायचे तेही सांगते. ओलांझापिनने वजन आणि शुगर वाढते, बऱ्याच घरांत हे कुणी बघतच नाही, पोरगा दुकानात बसून बसून कचोरी खातो आणि सगळे म्हणतात तब्येत सुधारली. पुढच्या व्हिजिटला वजन, कमरेचा घेर, फास्टिंग शुगर, लिपिड एवढं विचारा आणि दर काही महिन्यांनी करत राहा. तो गोळी मध्येच बंद तर करत नाही ना हेही प्रेमाने बघा, कारण आजार परत उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. डॉक्टरांची फी परवडत नसेल तर इंदूरच्या एमवाय ह्या सरकारी हॉस्पिटलची ओपीडी आहे, बाणगंगेचं सरकारी मानसिक हॉस्पिटल आहे, तिथे जायला लाजायचं कारण नाही. रात्री-बेरात्री काही वाटलं तर 14416 हा टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, चोवीस तास. घरात सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करा, भावाच्यासुद्धा. आणि पुढच्या व्हिजिटला आईला बरोबर ने, डॉक्टरांसमोर तिला स्वतःच्या तोंडाने विचारू दे की माझं काही चुकलं का.

– मावशी